शून्य लांबीची रांग

संगणकावर साठविलेल्या प्रत्येक फाइलीला एक नाव असते आणि ही नावे कोठेतरी लिहून ठेवावी लागतात. ज्या यादीत ती लिहिली जातात, तिला डिरेक्टरी असे म्हणतात. या यादीत एका नावासाठी किती जागा राखून ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु ‘सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय भाषेची घडण होत असताना नेमक्या याच प्रश्नाने एक महत्त्वाचा निर्णय घ्यावयास लावला, आणि त्या निर्णयाचे परिणाम निस्तरण्याचे काम पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही संपलेले नाही.

प्रथम थोडी पूर्वतयारी केली पाहिजे. संगणकाची स्मृती म्हणजे एकापुढे एक मांडलेली आणि ओळीने क्रमांक दिलेली घरे होत. एका घरात एक बाइट, म्हणजे रोमन लिपीतील एक अक्षर, मावतो. घराचा क्रमांक हाच त्याचा पत्ता. एकाच जातीच्या अनेक वस्तू लागोपाठच्या घरांत ठेवल्या की त्यांची ‘अ‍ॅरे’ तयार होते. येथे तिला ‘रांग’ म्हटले आहे. भारदस्त प्रतिशब्द घडविता आला असता, पण रांगेत जे असते तेच अ‍ॅरेमध्येही असते, एकामागे एक उभे राहणे आणि आरंभापासून मोजलेला क्रमांक. फरक एवढाच की सी भाषेत पहिल्या वस्तूचा क्रमांक एक नसून शून्य असतो, कारण तेथे क्रमांकाचा अर्थ ‘कितवी’ असा नसून ‘आरंभापासून किती अंतरावर’ असा आहे. निरनिराळ्या जातींच्या वस्तू एकत्र बांधल्या की सी भाषेत त्यांना ‘स्ट्रक्चर’ म्हणतात. कचेरीतील वहीत एका ओळीत नाव, वय, गाव असे रकाने भरलेले असतात, तसाच हा प्रकार असल्यामुळे आपण त्याला ‘नोंद’ म्हणू आणि तिच्या भागांना ‘रकाने’.

सी भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९ ते १९७३ या काळात घडविली. केन थॉम्प्सन यांची ‘बी’ ही त्याआधीची भाषा. युनिक्स ही प्रणाली तेव्हा ज्या पीडीपी-११ यंत्रावर वाढत होती, त्याची सारी स्मृती आरंभी अवघी २४ किलोबाइट होती. आज एका लहानशा छायाचित्रालाही याहून अधिक जागा लागते. एकेक बाइट जपून खर्च करावा लागे, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढील हकिगत नीट उमगणार नाही.

बी भाषेत रांग मांडली की दोन गोष्टी अस्तित्वात येत: प्रत्यक्ष रांगेची घरे, आणि त्या घरांचा आरंभ कोठे आहे हे सांगणारे एक निराळे घर. रिची यांनी भाषेत नोंदींची सोय आणावयाचे ठरविले तेव्हा या दुसऱ्या घराची अडचण उभी राहिली. डिरेक्टरीतील नोंदीत दोनच रकाने होते. पहिला दोन बाइटांचा, त्यात फाइलीचा क्रमांक; दुसरा चौदा बाइटांचा, त्यात तिचे नाव. एकूण सोळा बाइट. रिची यांना असे हवे होते की तबकडीवर जे सोळा बाइट जसे आहेत तसेच उचलून स्मृतीत आणावेत आणि भाषेने त्यांना नोंद म्हणून ओळखावे. मग नावाच्या रांगेचा पत्ता सांगणारे ते जादा घर ठेवावयाचे कोठे? तबकडीवरील सोळा बाइटांत त्याला जागाच नव्हती.

रिची यांनी ते घर काढूनच टाकले. सी भाषेत रांगेचा पत्ता कोठेही साठविलेला नसतो. आज्ञावलीत रांगेचे नाव आले की त्या क्षणी तिच्या पहिल्या घराचा पत्ता काढून दिला जातो. या युक्तीने रांग म्हणजे केवळ तिची घरे, त्याहून एक बाइटही अधिक नाही, अशी स्थिती झाली. काटकसरीच्या दृष्टीने यापेक्षा चांगला उपाय सुचणे कठीण होते. मात्र त्याबरोबर एक गोष्ट कायमची ठरून गेली. रांग एका कार्याकडून दुसऱ्याकडे सोपविली जाते तेव्हा प्रत्यक्षात फक्त तिचा पत्ता जातो; तिची लांबी मागे राहते. ज्याच्या हाती तो पत्ता पडला त्याने किती घरे चालावयाचे हे दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने जाणून घ्यावे लागते. त्याने जाणून घेतले नाही, तर भाषा त्याला अडवीत नाही.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी याचा अनुभव साऱ्या जगाला आला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने जाळ्यात सोडलेली एक आज्ञावली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर आपोआप पसरू लागली. तिच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक अशी होती. बर्कली येथील युनिक्समध्ये ‘फिंगर’ नावाची एक सेवा होती. ती आलेली ओळ ५१२ बाइटांच्या रांगेत उतरवून घेत असे, पण ओळ किती लांब आहे हे पाहत नसे. मॉरिसच्या आज्ञावलीने ५३६ बाइट पाठविले. उरलेले चोवीस बाइट रांगेबाहेर सांडले आणि पुढील कामासाठी कोठे परतावयाचे याचा जो पत्ता यंत्राने तेथे लिहून ठेवला होता त्यावर जाऊन पडले; यंत्र परतले ते आगंतुकाने सांगितलेल्या जागी. सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला होता. ज्या ‘गेट्स’ नावाच्या कार्यामुळे हे शक्य झाले ते सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातून २०११ सालीच काढून टाकण्यात आले. तेवीस वर्षे लागली!

आता पुन्हा डिरेक्टरीकडे वळू. चौदा बाइटांची मर्यादा फार दिवस पुरणारी नव्हती. नाव आखूड असले की उरलेली घरे रिकामी पडून राहत आणि लांब असले की शेपूट निमूटपणे छाटले जाई. (आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत; म्हणजे पंधरा बाइट. रिची यांच्या रकान्यात तो शब्द एका बाइटासाठी मावला नसता.) १९८३ साली बर्कली येथे तयार झालेल्या युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीत ही मर्यादा २५५ पर्यंत वाढविण्यात आली. परंतु प्रत्येक नोंदीत एवढी जागा राखून ठेवणे म्हणजे ५१२ बाइटांच्या खणात एकच नोंद बसविणे. पूर्वी त्यात बत्तीस बसत. म्हणून तेथील मंडळींनी नोंदीची लांबीच अनिश्चित केली. आरंभी आठ बाइटांत फाइलीचा क्रमांक, या नोंदीची एकूण लांबी आणि नावाची लांबी. त्यानंतर नाव, जेवढे असेल तेवढे, चारच्या पटीत पुरे केलेले. पाच अक्षरी नावाची नोंद सोळा बाइटांची होई, सर्वांत लांब नावाची २६४ बाइटांची.

तबकडीवर हे सहज जमले. अडचण आली ती भाषेची. सी भाषेत नोंदीचा आराखडा लिहिताना रांगेच्या नावापुढे चौकोनी कंसात लांबीचा आकडा लिहावाच लागे, आणि तो आधीच ठरलेला असावा लागे. मग जिची लांबी प्रत्येक नोंदीत वेगळी, त्या रांगेसाठी कंसात काय लिहावयाचे? बर्कलीने २५६ लिहिले, म्हणजे असेल त्याहून अधिक. अन्य काही युनिक्स प्रणालींनी १ लिहिले, म्हणजे असेल त्याहून कमी. कंसातला आकडा दोन्ही ठिकाणी खोटाच होता. वाचणाऱ्याने तो खोटा आहे हे गृहीत धरावयाचे होते.

या दुसऱ्या रीतीचा सी जगतात फार मोठा प्रसार झाला. नोंदीच्या अगदी शेवटी एका घराची रांग लिहावयाची, आणि स्मृती मागताना नोंदीचे आकारमान अधिक हवी तेवढी घरे अशी बेरीज करून एकदमच मागून घ्यावयाची. रांगेच्या पुढे मोकळी जागा आपल्याच मालकीची असल्यामुळे आणि सी भाषा हद्द तपासत नसल्यामुळे, एका घराच्या रांगेत पाचशेवे घर बिनदिक्कत वापरता येई. रांग स्वतंत्रपणे दुसरीकडे ठेवून नोंदीत तिचा पत्ता ठेवणे हाही मार्ग होताच. पण त्यात स्मृती दोनदा मागावी लागे, दोनदा परत करावी लागे, आणि जाळ्यावरून येणारा संदेश जसाच्या तसा उचलून घेणे जमत नसे. भाषेचे नियम या युक्तीला स्पष्ट मुभा देत नव्हते. खुद्द रिची यांनी तिचे वर्णन कंपायलरशी केलेली अनाठायी सलगी अशा आशयाच्या शब्दांत केले होते. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा तो कंपायलर. तो प्रत्यक्षात कसा वागतो हे ठाऊक आहे म्हणून नियमात नसलेली गोष्ट त्याच्याकडून करून घ्यावयाची, ही सलगी नव्हे तर काय?

एक घर लिहिण्यात एक लहानसा त्रासही होता. ते घर नोंदीच्या आकारमानात आधीच मोजले गेलेले असे. म्हणून बेरजेतून एक वजा करावा लागे. आज्ञावलीकार कधी वजा करीत, कधी विसरत. त्यातून, चार बाइटांच्या आकड्याखाली एका अक्षराची रांग लिहिली तर नोंद पाच बाइटांची न होता सामान्यतः आठ बाइटांची होते, कारण सोयीसाठी कंपायलर शेवटी तीन रिकामी घरे जोडतो. वजाबाकी करूनही हिशेब चुकावा, अशी ही गंमत. ग्नू प्रकल्पाच्या जीसीसी या कंपायलरने, ज्याची पहिली आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली, यावर तोड म्हणून कंसात शून्य लिहिण्यास परवानगी दिली.

शून्य लांबीची रांग! ऐकणाऱ्याला ही वेडगळ कल्पना वाटेल. परंतु रस्त्याच्या आरंभी शून्य हा आकडा कोरलेला दगड असतो त्याची आठवण करावी. त्या दगडाने रस्त्याचा एक हातभरही भाग व्यापलेला नसतो. पुढचे सारे मैल मात्र त्याच्यापासून मोजले जातात. शून्य लांबीची रांग नोंदीत एकही घर अडवीत नाही, ती केवळ ‘येथून पुढे’ असे सांगते. तिला आरंभ आहे, जात आहे, लांबी तेवढी नाही.

१९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर सी भाषेचे जे प्रमाण निश्चित झाले, त्यात शून्य लांबीची रांग निषिद्ध होती. लांबी शून्याहून मोठीच असली पाहिजे असा नियम होता. तरीही ती वापरात राहिली. अखेर १९९९ च्या प्रमाणाने ही गरज मान्य केली, पण शून्य लिहून नव्हे. नोंदीतील अखेरच्या रकान्यात कंस रिकामा सोडण्याची मुभा त्याने दिली. या प्रकाराला आपण ‘लवचीक रांग’ म्हणू.

रिकामा कंस आणि शून्य यांत फरक तो काय, असे वाचक विचारील. स्मृतीतील मांडणी पाहिली तर बहुधा काहीच नाही. फरक आहे तो कंपायलरला काय समजते यात. शून्य लिहिलेल्या रांगेचे आकारमान विचारले तर तो मुकाट्याने ‘शून्य’ असे उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर विसंबून कोणी नक्कल केली तर एकही बाइट नकलला जात नाही. रिकाम्या कंसाच्या रांगेचे आकारमान विचारले तर तो प्रश्नच नाकारतो. शून्याची रांग नोंदीच्या मध्यभागी आली तरी जीसीसी चालवून घेई. रिकाम्या कंसाची रांग शेवटी नसेल तर आज्ञावली पुढे जात नाही. ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. २०१९ साली लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातील, जाळ्याचे यंत्र चालविणाऱ्या एका आज्ञावलीत शून्य लांबीच्या रांगेखाली आणखी एक रकाना आढळला. साहजिकच तो रकाना आणि रांगेतील पहिली वस्तू या दोहोंचा पत्ता एकच होता. एकात लिहिले की दुसऱ्याचा मजकूर पुसला जावा अशी ती स्थिती. कंपायलरने कधी तक्रार केली नव्हती. रांग खाली नेऊन कंस रिकामा केला आणि दोष दूर झाला.

आतापर्यंत ज्या रांगांचा विचार केला त्यांची लांबी निदान स्मृती मागण्याच्या क्षणी तरी ठाऊक असते. पुष्कळदा तेही ठाऊक नसते. वस्तू एकेक करून येत राहतात आणि रांग वाढवीत न्यावी लागते. सी भाषेत यासाठी मोठी जागा मागावयाची, जुन्या वस्तू तेथे हलवावयाच्या आणि जुनी जागा परत करावयाची, असा व्यवहार आहे. ‘रीअ‍ॅलॉक’ नावाचे कार्य तो एका फटक्यात करते. प्रश्न असा, की दर वेळी रांग कितीने वाढवावी? समजा, दहा लाख वस्तू यावयाच्या आहेत. रांग भरली की शंभर घरे वाढवावयाची असे ठरविले, आणि दर वेळी बिऱ्हाड हलवावे लागले, तर जुन्या वस्तू उचलून नेण्याच्या खेपा एकूण ४९९ कोटी ९५ लाख होतील. याउलट एका घरापासून सुरुवात करून दर वेळी रांग दुप्पट केली, तर वीस वेळा दुप्पट केल्यावर १०,४८,५७६ घरे होतात, आणि खेपा होतात १०,४८,५७५. म्हणजे एका वस्तूमागे सरासरी एकीहून किंचित अधिक. थोडी घरे रिकामी राहतात खरी, पण सौदा फायद्याचाच आहे. एक सावधगिरी मात्र पाळावी लागते. रांग हलल्यावर तिच्या जुन्या घरांचे पत्ते ज्यांनी टिपून ठेवले असतील ते पत्ते निरर्थक ठरतात, आणि भाषा त्यांना तसे कळवीत नाही. बिऱ्हाड गेले तरी टपाल जुन्याच पत्त्यावर पडत राहावे, तसे होते.

१९९९ च्या प्रमाणाने आणखी एक सोय आणली होती: कार्याच्या आतच, चालत्या वेळी ठरणाऱ्या लांबीची रांग मांडण्याची. ती स्मृतीच्या ‘स्टॅक’ नावाच्या तात्पुरत्या भागात उभी राहते. ही सोय मला फारशी सुखाची वाटत नाही. जागा अपुरी पडली तर ते सांगण्याची कोणतीच व्यवस्था तिच्यात नाही, आणि लिनक्सच्या गाभ्यात तर हा भाग इंटेल वंशाच्या ६४ बिटी यंत्रांवर एरवी १६ किलोबाइटच असतो. २०१८ साली तेथून अशा साऱ्या रांगा काढून टाकण्यात आल्या.

मोठी स्मृती मागतानाच्या हिशेबातही एक सापळा आहे. ३२ बिटी यंत्रात आकडा ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे गेला की पुन्हा शून्यापासून मोजला जातो. कोणी १,०७,३७,४१,८२५ वस्तू येणार असल्याचे सांगितले आणि प्रत्येक वस्तू चार बाइटांची असली, तर गुणाकार होतो चार! चार बाइटांची जागा मिळते आणि तीत शंभर कोटींहून अधिक वस्तू भरण्याचे काम सुरू होते. दुष्ट हेतूने पाठविलेल्या संदेशात असा आकडा मुद्दाम घातलेला असतो. लिनक्समध्ये २०१८ पासून लवचीक रांगेच्या नोंदीचे आकारमान काढण्यासाठी एक स्वतंत्र साधन आहे. गुणाकार हद्दीबाहेर गेला तर ते सर्वांत मोठा आकडा परत करते, म्हणजे स्मृतीची मागणी आपोआपच फेटाळली जाते.

सर्वांत अवघड काम होते ते कंसातील खोट्या आकड्यांचे. रांगेची लांबी ठाऊक असेल तेथे कंपायलर हद्द तपासू शकतो. परंतु शेवटच्या रांगेवरचा आकडा खरा की केवळ नावापुरता, हे त्याने कसे ओळखावे? इतक्या आज्ञावलींत १ आणि ० यांचा असा उपयोग झालेला होता, की कंपायलरांनी नोंदीच्या शेवटी असलेली कोणतीही रांग लवचीकच समजावयाची असे धोरण स्वीकारले. त्यामुळे शेवटच्या रांगेवर कोणी प्रामाणिकपणे १६ लिहिले तरी त्या सोळाची राखण होत नसे. काहींच्या खोटेपणाची किंमत खरे लिहिणारेही मोजत होते. कीस कुक यांनी २०१५ साली सुरू केलेल्या, लिनक्सचा गाभा बळकट करण्याच्या उपक्रमात हे काम हाती घेतले गेले. गुस्ताव्हो सिल्व्हा आणि त्यांचे सहकारी गाभ्यातील १ आणि ० लिहिलेल्या रांगा एकेक करून शोधू लागले आणि तेथे रिकामे कंस घालू लागले. हे काम यंत्रवत् करण्यासारखे नव्हते. कंसातला १ गेला की त्या नोंदीचे आकारमान बदलते, आणि जेथे जेथे कोणी ‘वजा एक’ लिहून ठेवले असेल तेथे तेथे हिशेब नव्याने पाहावा लागतो. २०२३ साली जीसीसीच्या १३ व्या आणि क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीत ‘फक्त रिकामा कंस तेवढा लवचीक, बाकीचे आकडे खरे’ असे बजावण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ६.५ या आवृत्तीत ती अमलात आली.

राहता राहिली लवचीक रांग. तिची लांबी कंसात नसते, पण बहुधा त्याच नोंदीतील एखाद्या वरच्या रकान्यात लिहिलेली असते. तो रकाना कोणता हे कंपायलरला सांगण्याची खूण क्लँगच्या १८ व्या आवृत्तीत २०२४ साली आणि जीसीसीच्या १५ व्या आवृत्तीत २०२५ साली आली. ती जोडली की प्रत्येक घराला हात लावण्यापूर्वी यंत्र तो रकाना पाहून हद्द तपासू शकते. मात्र लांबी आधी लिहावी लागते आणि मग रांगेला हात लावावा लागतो. आज्ञावलीकारांची जुनी सवय पुष्कळदा उलट असते: रांग भरून झाली की शेवटी आकडा टाकावयाचा. तसे केले तर लांबी शून्य असलेल्या रांगेत पहिले घर मागितल्यासारखे होते आणि तपासणीत ते अडते. ही खूण जोडताना ओळींचा असा क्रम पाहून घ्यावा लागतो.

डिरेक्टरीच्या ज्या नोंदीपासून आपण आरंभ केला, तिचा आराखडा लिनक्सच्या गाभ्यात आज रिकाम्या कंसाने लिहिलेला आहे. गाभ्याबाहेर, सामान्य आज्ञावली जिच्यामार्फत डिरेक्टरी वाचतात त्या ग्नूच्या ग्रंथालयात मात्र त्याच नावाच्या रांगेपुढे अद्याप २५६ हाच आकडा आहे.